विषय नसलेले पत्र

(सरोजिनी कारखानीस यांच्या ईमेल खात्यावरून)

सीवूड्स, नवी मुंबई
३ मार्च २०२५

श्रीमती क्षिप्रा नाडकर्णी यांस,

हे पत्र सरोजिनीच्या खात्यावरून येत असले तरी लिहिणारा मी, तिचा पती नंदकिशोर कारखानीस आहे.

सरोजिनीच्या निधनाची वार्ता मी आपणास १४ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, ईमेलने कळवली होती. आपल्याकडून एका ओळीचेही उत्तर आले नाही. त्याबद्दल मी कधी विचारणा केली नसती. परंतु हे खाते बंद करावे म्हणून आज उघडले असता त्यात आपली तीन पत्रे दिसली. सप्टेंबरचे एक, नोव्हेंबरचे एक आणि गेल्या महिन्यातले एक. तिन्ही पत्रे थट्टेच्या सुरात आहेत. शेवटच्या पत्रात कोणा भटजींच्या स्कूटरची हकिकत आहे. दोन ओळींपलीकडे मी ती वाचू शकलो नाही.

जिच्याशी आपली वसतिगृहापासूनची मैत्री, तिच्या मृत्यूची वार्ता मिळाल्यावर मौन पाळावे आणि मग तिच्या निर्जीव खात्यावर विनोद पाठवावेत, यामागील हेतू मला उमगत नाही. तो जाणून घेण्याची इच्छाही नाही. यापुढे या पत्त्यावर लिहू नये ही विनंती. ३१ मार्च रोजी हे खाते बंद होईल.

नंदकिशोर कारखानीस


वेंगुर्ले
११ मार्च २०२५

नंदकिशोरराव,

ईमेलला दोनदा उत्तर पाठवलं, तुम्ही ते उघडलेलं दिसत नाही. म्हणून हे पोस्टानं.

त्या दिवशी सरूचं नाव स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसलं. आठ महिन्यांनी. मी गॅस बंद केला, हात पुसले, चष्मा शोधला, खुर्ची ओढून बसले. सरूचं पत्र उभ्यानं वाचायचं नसतं. मग उघडलं.

ती गेली हे मला असं कळलं. तुम्ही मला रागावलात त्यातून.

ऑगस्टमध्ये तुमचं काहीही माझ्यापर्यंत आलेलं नाही. काहीही. मला ऐकू येत नाही, हे सरूनं तुम्हाला सांगितलं असेल. चाळिशीतच कान गेले, म्हणून आमचा फोन नव्हता, जे काही होतं ते सगळं ईमेलवर, एकवीस वर्षं. तिचं शेवटचं पत्र २ जुलैचं. ते इथे उतरवते, म्हणजे तुमच्या मनातला हेतूचा प्रश्न सुटेल:

"क्षिप्रे, आता काही दिवस माझं उत्तर येणार नाही. काळजी करू नकोस, खोदून विचारू नकोस, फक्त लिहीत राहा. आणि हसवणारं लिही. आमचे हे मुळीच हसत नाहीत, त्यांचा नाइलाज आहे. तेवढं खातं तू सांभाळ."

मला वाटलं डोळ्यांचं ऑपरेशन असेल. मी सांभाळत राहिले. कोरड्या विहिरीत बादली सोडत होते हे मला कुणी सांगायचं होतं?

ती आजारी होती का? किती दिवस? कुठे गेली, घरी की दवाखान्यात? तुम्हाला राग आहे तो असू दे, पण एवढं मला कळवा. आणि खातं बंद करू नका. तिच्याइतकीच माझीही पत्रं आहेत त्यात.

क्षिप्रा


सीवूड्स
२० मार्च २०२५

श्रीमती क्षिप्राताई यांस,

आपले पत्र मिळाले. तीन वेळा वाचले. ३ मार्चला मी जे लिहिले आणि ज्या खात्यावरून लिहिले, त्या दोन्हींबद्दल क्षमा मागतो. क्षमा मागण्याचा मला सराव नाही, त्यामुळे यापेक्षा अधिक चांगल्या शब्दांत ते जमत नाही.

आपण विचारले ते प्रथम सांगतो. स्वादुपिंडाचा कर्करोग. निदान जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाले, त्यानंतर सात आठवडे. ती घरीच गेली, ११ ऑगस्टला दुपारी, श्रावण शुद्ध सप्तमीस. मी शेजारी होतो. आजाराविषयी बाहेर कोणालाही सांगायचे नाही असे तिने मला बजावले होते. आपणासही सांगितले नसेल, याची मला कल्पना नव्हती. स्क्रीनकडे पाहून ती अधूनमधून एकटीच हसत असे. कशाला हसतेस, असे मी कधी विचारले नाही.

आता दुसरी गोष्ट. शेवटच्या आठवड्यात तिने मला एकच काम सांगितले: "माझ्या लोकांना कळवा." नातेवाईक व शेजारी यांना मी फोनने आणि प्रत्यक्ष कळवले, ते आलेही. परंतु "माझे लोक" म्हणजे ते नव्हेत, हे मला ठाऊक होते. नेरूळच्या महाविद्यालयात ती एकोणतीस वर्षे ग्रंथपाल होती. तेथून बाहेर पडलेली मुले जगभर गेली आणि तिला लिहीत राहिली. रोज सकाळी दोन तास ती त्यांच्यासाठी टेबलाशी बसे. तिच्या अॅड्रेस बुकात अशी त्र्याण्णव नावे होती, आपले धरून.

ते काम मी कसे केले, हे सविस्तर लिहितो, म्हणजे त्यात काही उणीव राहिली असल्यास आपण दाखवू शकाल. अशुभ पत्राच्या माथ्यावर 'श्री' नसते. मायना नसतो. क्षेमकुशल विचारायचे नसते आणि शेवटी लोभही मागायचा नसतो. हे माझ्या वडिलांनी मला शिकवले आहे. त्या रीतीने मी विषयाची ओळ रिकामी ठेवली. मजकुराच्या जागी एक अक्षरही टंकित केले नाही. चार ओळींची वार्ता स्वहस्ते कागदावर लिहिली आणि तिचे छायाचित्र जोडले. तिच्याच खात्यावरून तिच्या मृत्यूची वार्ता जाणे अनुचित वाटले, म्हणून माझ्या नावाने नवे खाते उघडले. त्र्याण्णव पत्ते दोनदा ताडून पाहिले आणि एकाच वेळी सर्वांना पाठवले. एकही पत्र परत आले नाही. पत्ता चुकला असता तर पत्र परत येते.

आणि तरीही एकाचेही उत्तर नाही. सात महिने मी असे मानत आलो आहे की ज्यांना सरोजिनीने आपल्या सकाळी वाटून दिल्या, त्यांच्या लेखी तिच्या मृत्यूला एका ओळीचेही मोल नाही. हे मी तिच्याविषयी मानत होतो, क्षिप्राताई. म्हणून खाते बंद करायचे होते. ते मला डोळ्यांसमोर नको होते.

पुराव्यादाखल तेच पत्र, काहीही न बदलता, त्याच खात्यावरून आज पुन्हा आपणास पाठवत आहे. आपले उत्तर येईपर्यंत सरोजिनीचे खाते बंद करणार नाही.

नंदकिशोर कारखानीस


वेंगुर्ले
२ एप्रिल २०२५

नंदकिशोरराव,

तुमचा पुरावा सापडला.

नेहमीच्या जागी नाही. स्पॅममध्ये. वर केस वाढवायचं तेल, खाली परदेशातल्या कुठल्या राजपुत्राचं मृत्युपत्र, आणि मध्ये तुमच्या हातच्या चार ओळी. सुवाच्य. काना न् काना जागच्या जागी.

ऑगस्टमध्येही हेच झालं असणार. मला, आणि त्या बाकीच्या ब्याण्णवांना. स्पॅमच्या त्या कप्प्यात पत्र तीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. परत येत नाही, कारण यंत्राच्या मते ते पोचलेलं असतं. पोस्टमन पत्र परत आणतो. हा दारापर्यंत येऊन केराच्या टोपलीत टाकून जातो आणि दोघांनाही सांगत नाही.

मला हे शहाणपण कुठून आलं असं वाटेल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी काजू आणि कोकम विकते, मागण्या सगळ्या ईमेलवर. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माझी निम्मी उत्तरं गिऱ्हाइकांना मिळालीच नाहीत. लोक म्हणाले, बाईंना माज आलाय, उत्तर देत नाहीत. तेव्हा ही विद्या शिकले. तर ऐका. नवं कोरं खातं, ज्यावरून आजवर कुणाला काही गेलेलं नाही. विषय नाही. मजकूर नाही, नुसतं चित्र. कुणाचं नाव घेऊन हाक नाही. आणि एका झटक्यात त्र्याण्णव ठिकाणी. लबाड माणसाची पत्रं अशीच असतात, नंदकिशोरराव. वाईट बातमीच्या पत्रातून तुम्ही रीतीनं जे जे गाळलंत, नेमकं तेच ते यंत्र शोधत असतं.

म्हणजे तुमच्या त्र्याण्णवांतला कुणीही कृतघ्न नाही. कुणाला ठाऊकच नाही. कुणी कुणी अजून माझ्यासारखं तिला लिहीत असेल.

अजून एक. ती तुमची चिठ्ठी मी छापून घेतली. ओसरीवर बसून वाचली. अशी पत्रं घरात ठेवत नाहीत, म्हणून वाचून झाल्यावर फाडली आणि अंगणाबाहेर टाकली. मग आंघोळ केली. आता माझ्यापुरती सरू गेली.

क्षिप्रा


सीवूड्स
२६ एप्रिल २०२५

क्षिप्राताई,

आपल्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण ते वाचल्यावर काही काळ मला कामाचे काही सुचले नाही.

माझे सारे आयुष्य रबाळ्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत गेले. त्या विद्येत चुका दोन प्रकारच्या असतात. सदोष माल पसंत होणे ही एक, आणि निर्दोष माल नापसंत होणे ही दुसरी. पहिलीने माणसे दगावतात, म्हणून मी चौतीस वर्षे पहिलीचीच धास्ती बाळगली. दुसरीने फार तर नुकसान होते, असे आम्ही हाताखालच्यांना सांगत असू. ते तितकेसे खरे नाही.

मागील पत्रात मी एक शब्द गाळला होता. मुद्दाम गाळला. सरोजिनी नुसते "माझ्या लोकांना कळवा" म्हणाली नव्हती. "माझ्या लोकांना कळवा, एकेकाला," असे म्हणाली होती. एकच पत्र सर्वांना गेले तरी प्रत्येकाला ते एकेकच मिळणार, असा मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला. त्या दिवसांत त्र्याण्णव वेळा ते वाक्य लिहिण्याचे बळ माझ्यात नव्हते. हे मी आपणाखेरीज कोणाजवळ बोललेलो नाही.

ते काम आता नव्याने करायचे ठरवले. पाठवण्यापूर्वी चाचणी घ्यावी म्हणून जे खाते मला उघडून पाहता येते अशा एकमेव ठिकाणी, म्हणजे सरोजिनीच्याच खात्यावर, माझ्या खात्यावरून परवा एक पत्र पाठवले. या वेळी विषय लिहिला होता: "चाचणी क्रमांक १". खाली मजकूरही होता.

ते स्पॅममध्ये गेले.

मग तिचे अॅड्रेस बुक पुन्हा पाहिले. त्यात सोसायटीचे चिटणीस आहेत, गॅसवाले आहेत, करावे गावच्या वाचनालयाचा पत्ता आहे. मी नाही. असण्याचे कारणही नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एकही पत्र लिहिलेले नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांना पत्राची गरज पडते असे मला कधी वाटले नव्हते. यंत्राच्या लेखी मी तिचा कोणीही नाही. त्याच्याजवळ जो पुरावा आहे त्यावरून त्याचा निष्कर्ष बरोबर आहे.

त्या पत्राच्या माथ्यावर "स्पॅम नाही" असे बटण दिसते. ते दाबले की पत्ता ओळखीचा ठरतो असे दिसते. परंतु तिच्या वतीने मीच मला ओळखीचा ठरवणे प्रशस्त वाटेना. दाबले नाही.

इतरांना पत्र पोहोचावे यासाठी काय करावे, ते कृपया लिहावे.

नंदकिशोर कारखानीस


वेंगुर्ले
८ मे २०२५

नंदकिशोरराव,

दोन वाटा आहेत. सोपी आधी सांगते, म्हणजे ती बंद करता येईल.

सरूच्या खात्यावरून, ज्याच्या त्याच्या शेवटच्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलंत, तर शंभरातली शंभर पत्रं पोचतील. तो पत्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण तसं करू नका. सरूचं नाव पाहून मी चष्मा शोधत होते. ते अर्धं मिनिट काय असतं हे मला ठाऊक आहे. ते तुम्ही ब्याण्णव जणांना देऊ नका.

दुसरी वाट लांबची. तुमच्याच खात्यावरून लिहा. दिवसाला दोन, फार तर तीन. चित्र नको, अक्षरं. विषय कोरा नको, आणि "दुःखद वार्ता" असाही नको, तो लबाडही लिहितात. प्रत्येकाला नावानं हाक मारा. आणि पहिल्या चार ओळींत असं काहीतरी हवं, जे फक्त त्याला आणि सरूला ठाऊक असेल. यंत्राला ते किती कळतं देव जाणे, पण स्पॅममध्ये डोकावलेल्या माणसाचं बोट त्यानं थांबतं. शेवटी लिहा की माझा पत्ता तुमच्या अॅड्रेस बुकात नोंदवा. ज्याचं उत्तर येईल, त्याच्या दारात तुम्ही पुन्हा अडणार नाही.

ते "काहीतरी" कुठून आणायचं? तिच्या पत्रांतून. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याची पत्रं वाचणं शिष्टाचाराला सोडून आहे. आहेच. तरी वाचा. माझीसुद्धा वाचा. माझ्यापुरती परवानगी मी देते, बाकीच्यांतर्फे सरूनं दिली आहे. एकेकाला कळवायचं तर एकेक कोण ते माहीत नको?

आणि तुमचा स्वतःचा स्पॅमही रोज बघत जा. उत्तरं तिथे जाऊन बसतील. लोकांची तुमच्याशी तरी कुठे ओळख आहे?

क्षिप्रा


सीवूड्स
२६ जून २०२५

क्षिप्राताई,

आपल्या सूचनांप्रमाणे १२ मेपासून काम सुरू केले. आजपर्यंत एकसष्ट पत्रे गेली. चार परत आली, कारण ते पत्ते मधल्या काळात खरोखरच बंद झाले आहेत. परत आली याचेही मला समाधान वाटले.

पहिले पत्र लिहायला सबंध दिवस लागला. अंकुश नावाचा मुलगा, आता द्रोणागिरीच्या एका गोदामात पाळीप्रमुख आहे. शुल्क भरले नव्हते म्हणून त्याच्याजवळ ग्रंथालयाचे कार्ड नव्हते, आणि तो दोन कपाटांमध्ये उभ्याने वाचत असे. सरोजिनीने त्याला हटकले नाही. एक लोखंडी स्टूल तेथे नेऊन ठेवले आणि ते कोणी हलवायचे नाही असा नियम केला. हे मला त्याच्या पत्रांतून कळले. विषयाच्या ओळीत मी "लोखंडी स्टूल" असे लिहिले. दोन तासांत उत्तर आले. रविवारी तो स्वतः आला. दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना. शेवटी म्हणाला, "सर, मॅडम बसायच्या ती जागा फक्त दाखवा." दाखवली. बराच वेळ उभा होता. मी स्वयंपाकघरातले स्टूल आणून ठेवले, तेव्हा बसला.

मारोती परभणीस शिक्षक आहे. त्याच्या पत्राचा विषय "बोरांची पिशवी". क्रांती नावाच्या विद्यार्थिनीच्या मुलीचे नाव सरोजिनीने सुचवले होते, तेच नाव मी विषय म्हणून लिहिले. अशी एकसष्ट. यांतल्या बहुतेक गोष्टी घडत होत्या तेव्हा मी त्याच घरात, शेजारच्या खोलीत, वर्तमानपत्र वाचत होतो.

आपण म्हणालात त्याप्रमाणे अकरा उत्तरे माझ्या स्पॅममध्ये मिळाली. आता सकाळी चहाआधी मी तोच कप्पा उघडतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे करावे गावच्या सुंदराबाई दर बुधवारी मासळी घेऊन येत. गेल्या ऑगस्टमध्ये, आता येऊ नका हे सांगायला, मी त्यांच्या घरी गेलो होतो. परवा फाटकापाशी भेटल्या. मी अजून पत्रे लिहितो आहे हे त्यांना वॉचमनने सांगितले होते. म्हणाल्या, "बाय गेली तवा तू माजे दारान आलास. 'सुंदराबाई, सरोजिनी गेली,' बोललास. माजं नाव घेतलंस, म्हनून मना रडू आलं. नुस्तं 'गेली' बोलला असतास, तर 'कोन गेली' म्हनून इचारलं असतं." आणि निघता निघता, "तसाच सांग सगल्यांना. मासली कवा आनू ते पन सांग." मासळीचे उत्तर मी वर्षश्राद्धानंतर देईन असे सांगितले.

सरोजिनीच्या खात्यावरील चाचणी मी दर महिन्याला घेतो, कारण तीस दिवसांनी आधीची पुसली जाते. परवा तिसरी घेतली. निकाल तोच.

वर्षश्राद्ध ३१ जुलैस, सप्तमीला आहे. प्रवास लांबचा आहे याची जाणीव ठेवूनही विचारतो, आपण याल का?

नंदकिशोर


वेंगुर्ले
७ जुलै २०२५

नंदकिशोरराव,

येते. ३० तारखेला कुडाळहून गाडी, पनवेलला दुपारी. माझ्यासाठी एक वही आणि जाड पेन काढून ठेवा, माझ्याशी बोलायचं ते लिहून बोलावं लागतं. तुम्हाला ते बोलण्यापेक्षा सोपंच जाईल.

एक विचारते. बाकीच्या पत्रांची युक्ती तुम्हाला दोन महिन्यांपूर्वीच साधली. पत्रं पोचतात. मग सरूच्या खात्यावर दर महिन्याला चाचणी कशाची घेता?

उत्तर लिहू नका. आल्यावर बघू.

क्षिप्रा


॥ श्री ॥

सीवूड्स
४ ऑगस्ट २०२५

प्रिय क्षिप्राताई यांस सप्रेम नमस्कार,

वर्ष सरले, म्हणून पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिले.

आपण सुखरूप पोहोचल्याचे कळले. शेवटचे पत्र काल गेले. ब्याण्णवावे. आपणास धरून त्र्याण्णव. उत्तरे सत्तरांच्या वर आली आहेत, आणि अजून येत आहेत. श्राद्धाच्या दिवशी आपण मोजली नसतील, पण त्या दोन खोल्यांत एकोणतीस माणसे होती. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. पानावर सरोजिनीच्या आवडीची कोळंबी नव्हती, एवढेच उणे राहिले. ते आता सुंदराबाईंना सांगितले आहे.

ती सर्व मंडळी गेल्यावर आपण सरोजिनीच्या खुर्चीत बसलात आणि मला न विचारता तिचे खाते उघडलेत. स्पॅमच्या कप्प्यात गेलात. तेथे माझे एक पत्र होते, २४ जुलैचे. विषयाच्या ओळीत "चाचणी क्रमांक ४" नव्हते; काय लिहिले होते ते आपण पाहिले. त्याविषयी तेव्हाही काही बोलला नाहीत आणि नंतरही नाही, याबद्दल मी आपला ऋणी आहे. वहीत मी लिहिले होते, "हे माझ्याने होणार नाही." आपण त्याखाली लिहिलेत, "म्हणून तर मी आले." आणि बटण दाबलेत.

ते पत्र त्या कप्प्यातून निघाले आणि वर, तिच्या इतर पत्रांमध्ये, जाऊन बसले. आपल्या त्या स्कूटर-नारळवाल्या पत्राच्या जरा वरती. ठळक अक्षरांत, न उघडलेले. आपण ते उघडले नाही. मीही उघडले नाही. ते तसेच राहील. पण ते आता त्याच्या जागी आहे.

आपण गेल्यानंतर ते नारळवाले पत्र, जे ३ मार्चला मी दोन ओळींत सोडले होते, अखेरपर्यंत वाचले. शेजाऱ्यांकडे सत्यनारायण, माडाखाली भटजींची स्कूटर, त्यांनी "श्रीफलं समर्पयामि" म्हणायला आणि बाहेर स्कूटरवर नारळ पडायला एकच गाठ. आपणास आवाज आला नाही, फक्त सगळी माणसे जागच्या जागी उडालेली दिसली. आणि, मागाहून कोणी आपणास लिहून दाखवले त्याप्रमाणे, भटजी मान वर न करता यजमानीणबाईंना म्हणाले, "वहिनी, देवानं परत पाठवला."

मला हसू आले. प्रथम थोडे, मग आवरेना. घरात मी एकटाच होतो, आणि शेजारच्या खोलीतून कोणी "काय झालं?" असे विचारणार नव्हते. मी तिला कधी विचारले नाही, त्याची ती भरपाई असावी.

हे सरोजिनीला कळवणे आवश्यक होते. माझ्या खात्यावरून लिहिले. विषय: "मी हसलो". आज सकाळी तिच्या खात्यात पाहिले.

पोहोचले आहे.

आपला,
नंदकिशोर